नव्या बिझनेस स्कूलची पहिली वर्षं: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याला कॉमर्स शिकवत होते. निवृत्त झाले तरी जुन्या विद्यार्थ्यांचे आणि आता त्यांच्या मुलांचे मेसेज थांबलेले नाहीत. दहावी-बारावीचे निकाल लागले की ओघ वाढतो, गणेश चवथीच्या सुट्टीत घरी आलेली मुलं समोर बसूनच विचारतात. नवं बिझनेस स्कूल निघालं, कुठल्या संस्थेने पाच वर्षं पूर्ण केली, पेपरात पानभर जाहिरात आली, की तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते. ज्याचं उत्तर आधी येऊन गेलंय, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. टीचर, बिझनेस स्कूल म्हणजे कॉमर्स कॉलेजच ना? नाव तेवढं भारी?

नाही. बी.कॉम.मध्ये आपण हिशेब, कायदा, बँकिंग, अर्थशास्त्र असे विषय शिकवतो. बिझनेस स्कूल हे बहुधा पदवीनंतरचं, दोन वर्षांचं शिक्षण. तिथे इंजिनिअर, बी.ए. झालेली मुलगी, फार्मसीवाला आणि आपला बी.कॉम. असे सगळे एका वर्गात बसतात. शिकवण्याची रीतही वेगळी असते. एखाद्या कंपनीची खरी अडचण कागदावर मांडून देतात आणि ‘तुम्ही मॅनेजर असता तर काय केलं असतं?’ म्हणून विचारतात. एकच बरोबर उत्तर नसतं, आणि पाठांतरावर पहिला वर्ग मिळवलेल्या मुलांना पहिले तीन महिने तेच जड जातं.

२. गोव्यात हे शिक्षण केव्हा आलं?

मुक्तीनंतर. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालयं सुरू झाली, १९६६ मध्ये धेंपो कॉमर्स कॉलेज आलं. तेव्हा पदवी मुंबई विद्यापीठाची मिळायची. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेलं गोवा विद्यापीठ १९८५ च्या जूनमध्ये सुरू झालं. ज्याला मॅनेजमेंट शिकायचं तो पूर्वी मुंबईची किंवा पुण्याची वाट धरायचा. मुंबईत जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून होती. स्वतंत्र बिझनेस स्कूल म्हणून गोव्यात नाव झालं ते गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचं, स्थापना १९९३. लोक तिला ‘जीआयएम’ म्हणतात.

३. जीआयएम म्हणे रायबंदरच्या जुन्या इस्पितळात भरायचं. खरं का?

अगदी खरं. पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना मांडवीच्या काठाने जो रस्ता जातो, त्यावर रायबंदरला पोर्तुगीज काळापासून इस्पितळ म्हणून ओळखली जाणारी इमारत आहे. रस्त्याच्या पलीकडे लगेच नदी, थोडं पुढे चोडणच्या फेरीबोटीचा धक्का. त्या इमारतीत हे बिझनेस स्कूल सुरू झालं आणि पहिली सतरा-अठरा वर्षं तिथेच वाढलं.

नव्वदच्या दशकात एका चर्चासत्रासाठी मी तिथे गेले होते. जाड भिंतींमुळे आत शिरताच गार वाटायचं. ऑगस्टचे दिवस होते, भिंतीला खालून ओल चढली होती आणि कुणीतरी नोटीस बोर्ड त्या ओलीच्या बरोबर वर, कोरड्या जागी हलवला होता. बोर्डावर टाइप केलेला कागद: कुठली कंपनी कधी येणार, कोणत्या मुलांनी किती वाजता हजर राहायचं. पाच-सहाच नावं होती. तो कागद वाचायला मुलं ज्या घाईने येत होती, ते पाहून मला वाटलं, इथे काहीतरी घडतंय. आजच्या चकचकीत माहितीपुस्तिकेतून ती घाई कळत नाही.

माझ्या ओळखीचे पालक तेव्हा म्हणायचे, ‘इस्पितळात कसलं शिक्षण?’ दुसऱ्याची जुनी वास्तू घेऊन सुरुवात करण्यात कमीपणा नसतो, उलट पैसे विटांत न जाता शिक्षकांवर खर्च होतात. अर्थात तसे ते खर्च होत असतील तर. तेच पाहायचं असतं, त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

४. संस्थापक फादर होते ना? पाद्रीला धंद्यातलं काय कळतं?

हा प्रश्न हसत विचारला जातो, पण उत्तर गंभीर आहे. फादर रोमुआल्ड डिसोझा हे जेजुइट, म्हणजे शिक्षणसंस्था चालवणाऱ्या एका कॅथलिक धर्मसंघातले. जेजुइटांनी जमशेदपूरला १९४९ मध्ये एक्सएलआरआय हे बिझनेस स्कूल सुरू केलं, म्हणजे कोलकाता आणि अहमदाबादच्या आयआयएमच्याही आधी बारा वर्षं. फादर रोमुआल्ड तिथे संचालक होते. मग १९८७ मध्ये भुवनेश्वरला झेवियर इन्स्टिट्यूट उभी राहिली, तिचे संस्थापक-संचालक तेच. त्यानंतर गोवा. नवी संस्था पहिल्या वर्षी कुठे अडखळते, कोणता शिक्षक टिकतो, उद्योगवाल्याला वर्गात कसं आणायचं, हे ज्याने आधी केलंय तोच माणूस गोव्यात आला होता. नव्या बिझनेस स्कूलला जमिनीपेक्षाही अशा माणसाची गरज जास्त असते, असं माझं मत.

५. मग जीआयएमवाले सांखळीला कशाला गेले? आणि ते सांखळी की पर्ये?

पत्ता सांखळीचा सांगतात, जागा पर्येची, सत्तरी तालुक्यातली. पणजीहून तासाभराचा रस्ता. रायबंदरला वाढायला जागा नव्हती: एकीकडे नदी, दुसरीकडे डोंगर आणि वस्ती. २०१० च्या सुमारास सुमारे ५० एकरांच्या नव्या आवारात मुक्काम हलला. वसतिगृह, ग्रंथालय, वर्ग सगळं एका ठिकाणी आलं.

मुलांचं सुरुवातीला थोडं बिघडलं हेही सांगते. रायबंदरहून संध्याकाळी पणजी हाकेवर होती, सांखळीला काळोख पडला की रातकिडे. पण दोन वर्षांत शिकायचं इतकं असतं की तो एकांत उपयोगी पडला, असं तिथे शिकून गेलेला माझा एक विद्यार्थी म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘टीचर, विठ्ठलापूरची चैत्री सोडली तर बघायला काय होतं?’ दोघेही आज बऱ्या नोकरीत आहेत.

६. ‘गोवा बिझनेस स्कूल’ आणि जीआयएम एकच ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि दरवर्षी एखादा तरी मुलगा चुकीच्या ठिकाणी फॉर्म भरायला निघतो. जीआयएम ही स्वतंत्र संस्था, सांखळीला. गोवा बिझनेस स्कूल हा गोवा विद्यापीठाचा भाग, ताळगाव पठारावर. विद्यापीठाने वाणिज्य, व्यवस्थापन, अर्थशास्त्र आणि संगणक हे विभाग एकत्र आणून हे स्कूल केलं. नाव नवं, पण आतले विभाग जुने आणि अनुभवी. म्हणून ‘स्थापना कधीची’ एवढंच पाहून नवं-जुनं ठरवू नका.

७. एमबीए चांगलं की पीजीडीएम?

एमबीए ही पदवी, ती विद्यापीठच देऊ शकतं (आयआयएमचा अपवाद प्रश्न १६ मध्ये). पीजीडीएम ही पदविका, ती एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक आणि व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय परिषदेची, मान्यता असलेली स्वतंत्र संस्था देते. वर्षानुवर्षं आयआयएमदेखील पदविकाच द्यायच्या, त्यामुळे ‘पदविका म्हणजे खालचं’ हा समज चुकीचा आहे. स्वतंत्र संस्थेला अभ्यासक्रम झटकन बदलता येतो, विद्यापीठात बदलाला वेळ लागतो पण शुल्क बहुधा कमी असतं. नोकरी देणारी कंपनी या फरकाकडे फारसं बघत नाही. सरकारी नोकरी आणि पीएच.डी.च्या वेळी मात्र तो आडवा येऊ शकतो, ते प्रश्न १४ मध्ये.

८. संस्था नवी आहे, पहिली किंवा दुसरीच बॅच. मुलाला घालावं का?

धोका आहे, तो नाकारू नका. माजी विद्यार्थी नसतात, म्हणजे कंपनीच्या आत तुमच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नसतं. कंपन्या पहिल्या वर्षी चार येतात, दुसऱ्या वर्षी दहा. ग्रंथालय तुटपुंजं असतं. दुसऱ्या बाजूला, साठ मुलांच्या बॅचमध्ये संचालकाला प्रत्येकाचं नाव ठाऊक असतं, आणि पहिल्या बॅचची मुलं जे करतात तीच पुढे संस्थेची रीत होते. काहींना हे मानवतं, काहींना नाही.

ठरवायच्या आधी जाऊन या. ‘ओपन डे’ला नको, एखाद्या साध्या मंगळवारी जा. मी भाचीबरोबर अशाच एका नव्या संस्थेत गेले होते. स्वागतकक्षात काचेचं टेबल, भिंतीवर परदेशी पाहुण्यांचे फोटो. ग्रंथालय बघायचं म्हटलं तर कपाटांना कुलूप, आणि किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाच्या घरी! आम्ही कॅन्टीनमध्ये चहा घेतला, तिथल्या मुलाला विचारलं की सर लोक किती वाजता येतात. तो म्हणाला, ‘कुठले? शनिवारचे का?’ पूर्णवेळ शिक्षक किती आणि पाहुणे किती, हे आम्हाला त्या एका वाक्यात कळलं.

पूर्णवेळ शिक्षकांची नावं मागा, ते गेल्या वर्षीही तिथेच होते का ते विचारा. रात्री नऊला ग्रंथालय उघडं असतं का ते बघा. पहिल्या बॅचच्या दोन मुलांशी एकट्याने, संस्थेचा माणूस जवळ नसताना बोला.

९. नव्या संस्थेचं यश मग मोजायचं कशावर?

पहिल्या पाच वर्षांत मी तीन गोष्टी बघते. पहिल्या वर्षी आलेली कंपनी दुसऱ्या वर्षी परत आली का? एकदा कुणीही येतं, परत येणारी कंपनी म्हणजे आधीच्या मुलांनी काम नीट केलं. दुसरी गोष्ट, शिक्षक टिकले का? तिसरी, माजी विद्यार्थी आपल्या धाकट्या भावंडांना तिथे पाठवतात का? ही तिसरी कुठल्याही अहवालात छापून येत नाही, पण गोव्यासारख्या लहान राज्यात आठ दिवसांत कळते.

इमारतीचं उद्घाटन आणि दुसऱ्या संस्थांशी केलेले सामंजस्य करार ही यशं नव्हेत. करारांवर सह्या करायला अर्धा तास लागतो. त्यातून किती मुलं खरोखर तिकडे शिकून आली, ते विचारा.

१०. जाहिरातीत ‘१०० टक्के प्लेसमेंट’ लिहिलंय. खोटं असतं का?

खोटं नसतं, अर्धं असतं. समजा वर्गात ६० मुलं. त्यातल्या १२ जणांनी ‘आम्हाला प्लेसमेंट नको’ असं लिहून दिलं: कुणाचा घरचा हॉटेलचा धंदा, कुणी पुढे शिकणार, आणि कुणाला तसं लिहून द्यायला सुचवलेलं. उरले ४८, त्या सगळ्यांना नोकरी लागली. झाले १०० टक्के. म्हणून टक्केवारी विचारू नका, विचारा: बॅच कितीची, प्लेसमेंटमध्ये बसले किती, लागले किती. तीन आकडे.

सरासरी पॅकेजचंही तेच. पाच मुलांना ५, ५, ६, ६ आणि ४० लाख मिळाले तर सरासरी १२.४ लाख येते, आणि पाचांपैकी चौघांना त्याच्या निम्म्याच्या आसपासच मिळालेले असतात. मधला आकडा, म्हणजे मीडियन, ६ लाख. तो छापणारी संस्था मला प्रामाणिक वाटते. कॉमर्सच्या बारावीतलं गणित आहे हे, पण पॅकेज ऐकलं की घरातले सगळे विसरतात.

११. एआयसीटीई, एनबीए, एनआयआरएफ... यातलं नेमकं काय बघू?

एआयसीटीईची मंजुरी हा परवाना आहे, गौरव नाही. पीजीडीएम देणाऱ्या संस्थेकडे ती असलीच पाहिजे, आणि चालू वर्षाची. एनबीए हे अभ्यासक्रमाच्या दर्जाचं मूल्यांकन, नॅक हे संस्थेचं. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची क्रमवारी, पहिली यादी २०१६ ची.

अगदी नव्या संस्थेकडे यातलं बरंच नसतं, आणि त्यात तिचा दोष नाही. एनबीए किंवा नॅकसाठी आधी निदान दोन बॅच बाहेर पडाव्या लागतात (नॅकला सहा वर्षं झाली तरी चालतं), एनआयआरएफ मागच्या काही वर्षांची आकडेवारी मागतं. तीन वर्षांच्या संस्थेचं नाव यादीत नाही म्हणून ती वाईट ठरत नाही. पण पंधरा वर्षं झाली तरी मूल्यांकनच नाही, तर कारण विचारा.

१२. आमच्या संस्थेला पाच वर्षं झाली. कार्यक्रम कसा करावा, सुचवाल का?

हा प्रश्न एका नव्या संस्थेतल्या तरुण प्राध्यापिकेने विचारला, आणि मला फार आवडला. तिच्या संचालकांना मंत्री, समई, शाल-श्रीफळ आणि दोन तासांची भाषणं हवी होती. मी सांगितलं, समई ठेव, बाकी कमी कर. पहिल्या बॅचला बोलाव, तेही व्यासपीठावर. ज्यांनी नाव नसलेल्या संस्थेत पैसे भरले त्यांनीच खरी जोखीम घेतली. पहिल्या वर्षी जनरेटर बंद पडल्यावर रात्री वसतिगृहात मेणबत्त्या घेऊन फिरणारा वॉर्डन, पहिल्या परीक्षेचे पेपर झेरॉक्स करणारी ऑफिसातली बाई, मेसचा आचारी, यांना पहिल्या रांगेत बसव. पहिल्या कंपनीतून आलेल्या त्या एच.आर.ला विचार, तुम्ही आमच्याकडे का आलात? ते उत्तर जपून ठेव. आणि काय फसलं, तेही सांग: जो विषय कुणीच घेतला नाही, जी कंपनी परत आली नाही.

तिने शेवटी केलं ते असं: चवथीला गणपतीवर फळं बांधून टांगतात त्या माटोळीसारखी एक लाकडी चौकट टांगली आणि फळांऐवजी पहिल्या बॅचच्या मुलांची ओळखपत्रं, फुटलेला प्रोजेक्टरचा दिवा, पहिला हजेरीपट असं सगळं त्याला बांधलं. मंत्री उशिरा आले. तोवर सगळे त्या चौकटीखाली उभे राहून आपापली वस्तू शोधत होते.

१३. शुल्क झेपत नाही. गोव्यात काही सोय?

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे, गोव्याच्या रहिवासी विद्यार्थ्यांसाठी. मामलेदार कार्यालयातून रहिवासी दाखला काढायला वेळ लागतो, तो जागा मिळायच्या आधीच काढून ठेवा. उत्पन्नाच्या अटी आणि कर्जाची मर्यादा बदलत असते, महामंडळात जाऊन चालू वर्षाचं बघा. बँकेचं शैक्षणिक कर्ज घेताना नव्या संस्थेचं नाव बँकेच्या यादीत आहे का, हे आधी विचारा. नसेल तर तारण मागू शकतात.

१४. पीजीडीएमनंतर पीएच.डी. किंवा सरकारी नोकरी करता येते?

येते, पण एक कागद लागू शकतो. भारतीय विद्यापीठ संघ म्हणजे एआययू, काही पीजीडीएम एमबीएशी समकक्ष आहेत असं मान्य करतो. ही समकक्षता आपोआप मिळत नाही, संस्थेला ती मागावी लागते. त्यामुळे नव्या संस्थेत प्रवेश घेताना ‘एआययूकडे अर्ज केलाय का?’ हा प्रश्न नक्की विचारा. खासगी नोकरीच करायची असेल तर यावर झोप उडवू नका.

१५. विद्यापीठाच्या एमबीएवर एआयसीटीईचा शिक्का नाही. म्हणजे बेकायदा?

नाही. विद्यापीठाला स्वतःच्या विभागात तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करायला एआयसीटीईची पूर्वपरवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात २००१ मध्ये सांगितलं. ही मोकळीक विद्यापीठाला आहे, खासगी स्वतंत्र संस्थेला नाही. कुणी ‘आम्हाला गरज नाही’ म्हणालं तर ती संस्था विद्यापीठ आहे का, एवढंच तपासा.

१६. आयआयएम आता पदवी देतात. मग माझ्या २०१२ च्या पदविकेचं काय?

२०१७ चा आयआयएम कायदा २०१८ च्या जानेवारीअखेर लागू झाला, तेव्हापासून त्यांना पदवी देता येते. त्याआधी मिळालेली पदविका पदविकाच राहते, तिचं मोल त्याने कमी होत नाही. हा कायदा फक्त आयआयएमसाठी आहे, इतर पीजीडीएम संस्थांना लागू नाही. बाकी प्रश्न ७ आणि १४.

१७. पैसे भरले आणि मग दुसरीकडे जागा मिळाली. शुल्क परत मिळतं का? मूळ दाखले अडकवून ठेवलेत.

जूनमध्ये सगळ्यात जास्त फोन यासाठी येतात. एआयसीटीईच्या नियमांप्रमाणे ठरलेल्या मुदतीआधी प्रवेश रद्द केला तर संस्थेला जास्तीत जास्त १,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापता येतं, बाकी परत द्यावं लागतं. मूळ दाखले अडकवून ठेवायला मनाई आहे. तोंडी बोलू नका: रद्द करत असल्याचं पत्र ईमेलने पाठवा, तारीख दिसेल असं. एका पालकाने तीन आठवडे फक्त फोन केले, मुदत टळली, आणि मग संस्थेने विचारलं की तुम्ही कळवलंत कधी. त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं.